फोटोचा पन्हा आणि फोटोचे वजन
कापड व्यापारी व कारागिरांसाठी थोडा हिशेब



आमच्या वडिलांच्या काळी माल मागवायचा तर नमुन्याची पट्टी टपालाने येत असे. पाकिटात कापडाचे दोन बोटे रुंद तुकडे, त्यांना टाचणी आणि टाचणीखाली भावाची चिठ्ठी. तुकडा हातात घ्यायचा, एक धागा उसवून पाहायचा, ओल्या बोटाने रंग चोळायचा, की ताक्याचा अंदाज येई. आज अमरावतीच्या जवाहर गेटचा दुकानदार असो, नांदगाव पेठेकडच्या घाऊक संकुलातला असो की अकोल्याच्या टिळक रोडवरचा, सकाळी शटर उघडण्याआधी त्याच्या मोबाईलवर सुरतेहून पन्नास फोटो येऊन पडलेले असतात. आता फोटोच नमुना झाला आहे. सौदाही फोटोवरच होतो, आणि पुढे भांडणही फोटोवरूनच होते.

असेच एक भांडण आमच्या हातून झाले. त्यातून आम्ही जे शिकलो ते सांगण्यासाठी हा लेख.

काही वर्षांपूर्वी रमजान ईदच्या हंगामासाठी आम्ही सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून ८० ड्रेस मटेरियल मागवले. व्हॉट्सॲपवर फोटो आला होता. जांभळट रंगाचे प्लेन कापड, त्यावर गळ्याशी भरतकाम. आमच्याकडे त्या वर्षी प्लेनला मागणी होती. माल आला, गठाण उघडली, तर प्लेन नव्हेच! गडद निळ्या कापडावर बारीक मरून रेघा, एकेक मिलीमीटरच्या. आम्ही फोनवर नको ते बोललो. वीस वर्षांचा व्यवहार, कधी एका मीटरचा फरक आला नव्हता, आणि त्या माणसाला आम्ही फसवा म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "भाईसाहब, फोटो मी रेघांच्या कापडाचाच काढला होता."

अकोल्यात आमच्या भाच्याचे फोटो आणि ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. त्याला तो फोटो दाखवला. त्याने फोटोची माहिती उघडून पाहिली आणि हसून म्हणाला, "मामू, तुम्ही कापडाचा फोटो पाहिलाच नाही. फोटोच्या फोटोचा फोटो पाहिला." मग त्या व्यापाऱ्याकडून मूळ फोटो मागवला. त्यात प्रत्येक रेघ स्वच्छ दिसत होती. फसवणूक कोणीच केली नव्हती. रेघा मधल्या मध्ये नाहीशा झाल्या होत्या. त्या कशा गेल्या, हे समजले तर पुढचे नुकसान टळेल. आम्ही इंजिनियर नाही. शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि पुढचे आयुष्य गल्ल्यावर गेले. पण हा हिशेब कापडवाल्याला कळायला कठीण नाही, कारण तो कापडाचाच हिशेब आहे.

ताणा-बाणा आणि पिक्सेल

मागवाल्याने कापड विणण्याआधी नक्षीचा कागद चौकटी आखून भरलेला आपण पाहिला असेल. प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक भेट. चौकट भरली तर रंगीत धागा वर, रिकामी तर खाली. मोबाईलमधला फोटो असाच चौकटींचा कागद आहे. त्यातल्या एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग असतो. एका पिक्सेलमध्ये अर्धा निळा आणि अर्धा मरून असे होऊ शकत नाही.

फोटो ४००० गुणिले ३००० असा आहे म्हणजे एका बाजूने ४००० आणि दुसऱ्या बाजूने ३००० पिक्सेल. गुणाकार १ कोटी २० लाख. दहा लाख पिक्सेलला एक मेगापिक्सेल म्हणतात, म्हणून हा १२ मेगापिक्सेलचा फोटो झाला. फोटोचे माप ते हेच. ते इंचात नसते आणि सेंटिमीटरमध्येही नसते. इंच येतात ते कागदावर छापताना.

आता आमच्या रेघांचा हिशेब पाहा. समजा एक मीटर रुंदीचे कापड फोटोच्या ३००० पिक्सेल रुंदीत बसले. म्हणजे एका मिलीमीटरला ३ पिक्सेल. रेघ एक मिलीमीटरची, तिला तीन चौकटी मिळाल्या आणि ती स्वच्छ दिसली. व्हॉट्सॲपने साध्या पद्धतीने पाठवताना फोटो लहान केला. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास आली आणि रुंदी १२०० झाली. आता मिलीमीटरला जेमतेम एक पिक्सेल उरला, रेघ अंधुक झाली. पुढे मधल्या एका दलालाने नऊ डिझाइनचे नऊ फोटो जोडून एकच फोटो केला. १२०० च्या रुंदीत तीन फोटो, म्हणजे प्रत्येकाला ४०० पिक्सेल. आता एक पिक्सेल अडीच मिलीमीटर कापडावर पसरला. त्याच्या पोटात मरून रेघही आली आणि शेजारची निळी जागाही आली. एका पिक्सेलला एकच रंग, म्हणून दोन्ही मिसळून जांभळट. आम्हाला दिसला तो हाच रंग, आणि तो कापडावर कुठेच नव्हता.

पुष्कळांना वाटते, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला की बारकावा दिसेल. तो दिसत नाही. फोन त्याच चौकटी मोठ्या करून दाखवतो. जो धागा विणलाच नाही, तो कापड ताणून दिसणार कसा?

वजन कशाने वाढते

फोटोला माप असते तसे वजनही असते. ते केबी आणि एमबीमध्ये मोजतात. हजार बाइटचा एक केबी आणि हजार केबीचा एक एमबी, असा ढोबळ हिशेब धरावा (काही ठिकाणी हजाराऐवजी १०२४ धरतात).

प्रत्येक पिक्सेलचा रंग तीन आकड्यांत लिहिला जातो. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ आणि प्रत्येकाला एक बाइट जागा. या तीन आकड्यांतून १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग तयार होतात. १ कोटी २० लाख पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट, अर्थात ३६ एमबी. पण आपल्या फोनमध्ये असा फोटो बहुधा तीन ते पाच एमबीचाच दिसतो. बाकीचे वजन गेले कुठे? तेच दाबणीचे काम. त्याकडे पुढे येऊ.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लांबी अर्धी केली आणि पन्हाही अर्धा केला तर कापड अर्धे राहत नाही, पाव राहते. फोटोचेही तसेच. ४००० गुणिले ३००० चा फोटो २००० गुणिले १५०० केला की पिक्सेल १ कोटी २० लाखांवरून ३० लाखांवर येतात. वजन कमी करण्याचा पहिला आणि सरळ मार्ग हाच आहे.

जिनिंग वेगळे, प्रेसिंग वेगळे

आपण वऱ्हाडचे लोक. कापूस जिनात जातो तेव्हा काय होते आणि प्रेसमध्ये काय होते, हे लहान पोरालाही ठाऊक असते. जिनात सरकी काढून टाकतात. ती पुन्हा बोंडात बसत नाही. प्रेसमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. गाठ सोडली की रुई तीच, एक तंतूही कमी नाही.

फोटो हलका करण्याचेही असेच दोन प्रकार आहेत. पीएनजी नावाचा प्रकार प्रेसिंगचा. त्याची पहिली ठरलेली आवृत्ती १९९६ ची. बिलाच्या कागदावर पांढऱ्या रंगाचे शंभर पिक्सेल ओळीने आले तर 'पांढरा, पांढरा' असे शंभर वेळा न लिहिता 'पांढरा, शंभर वेळा' असे लिहिल्यासारखे ते काम आहे. उघडले की मूळ जसेच्या तसे. सपाट रंग, अक्षरे, दुकानाचे बोधचिन्ह, रेघांचे नकाशे यांना हा प्रकार उत्तम. पण ज्या फोटोत प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यापेक्षा थोडा वेगळा, तिथे दाबायला फारसे मिळत नाही आणि वजन मोठे राहते.

जेपीईजी हा प्रकार जिनिंगचा. डोळ्याला ज्याची फारशी गरज नाही ते तो काढून टाकतो, आणि काढले ते परत येत नाही. या कामासाठी तज्ज्ञांची समिती १९८६ मध्ये बसली आणि १९९२ मध्ये पद्धत ठरली. आपल्या फोनमधले बहुतेक फोटो याच पद्धतीचे असतात.

बेंगळुरूचे नासिर अहमद

या पद्धतीच्या पोटात जे गणित आहे, त्याचे मूळ एका भारतीय माणसाकडे जाते हे आमच्या तरुणांना सांगितले पाहिजे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बेंगळुरूला झाला. तिथेच इंजिनियरिंग शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९६६ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी एका कल्पनेसाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच साधी आहे असा एक अभिप्राय होता, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे. त्यांनी काम सोडले नाही. आपले विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याला 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' म्हणतात. आज फोटोच नव्हे, व्हिडिओसुद्धा याच गणिताच्या आधारे हलके होतात.

हे गणित काय करते ते साध्या शब्दांत सांगतो. फोटोचे आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ पिक्सेलचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात मोठे चढउतार किती आणि अगदी बारीक चढउतार किती, हे वेगवेगळे मोजतात. भिंत, आकाश, प्लेन कापड यांत बारीक चढउतार जवळजवळ नसतात. मग जे अगदी थोडे असतात, त्यांना शून्य धरतात. बिलातले पैसे सोडून रुपये धरावेत, तसेच हे. शून्ये पुष्कळ झाली की लिहायला जागा थोडी लागते. किती सोडायचे हे 'क्वालिटी'च्या आकड्यावर ठरते. क्वालिटी ८५ ठेवली तर डोळ्याला सहसा फरक कळत नाही आणि वजन १०० च्या मानाने बहुधा अर्ध्याहून कमी होते. ती २० किंवा ३० वर नेली की ६४ पिक्सेलचे चौकोन फरशीसारखे दिसू लागतात.

कापडाला हे जास्त का बाधते

माणसाच्या चेहऱ्याचा फोटो थोडा दाबला तर बिघडत नाही. कापडाचा बिघडतो. याची तीन कारणे.

पहिले असे की कापडाची किंमतच बारकाव्यात असते. जरीची तार, चिकनचा टाका, बारीक चेक. दाबणीत पहिला मार बसतो तो यालाच.

दुसरे कारण रंगाचे. माणसाचा डोळा उजेड-अंधाराचा फरक बारकाईने ओळखतो, रंगाचा फरक तितका बारकाईने ओळखत नाही. म्हणून जेपीईजीमध्ये उजेड पूर्ण ठेवतात आणि रंग बहुधा अर्ध्या लांबीत, अर्ध्या रुंदीत, म्हणजे पावच ठेवतात. काळ्या कापडावर लाल रेशमाचे बारीक काम असेल तर लाल रंग कडेने पसरल्यासारखा दिसतो तो यामुळे. कारागिराचा टाका सुबक असतो, फोटोत मात्र गबाळा दिसतो. अकोल्यातल्या एका भरतकाम करणाऱ्या भगिनीला गिऱ्हाईक म्हणाले की काम सफाईदार नाही. प्रत्यक्ष ओढणी पाहिल्यावर त्याच गिऱ्हाईकाने तिला आणखी चार ओढण्यांचे काम दिले. घरबसल्या काम करणाऱ्या बाईकडे दुकान नसते. फोटो हेच तिचे दुकान. ते धुरकट असेल तर मेहनतीचा दाम पडतो.

तिसरे कारण लाटांचे. बारीक रेघांच्या कापडावर फोटोत कधी पाण्यासारख्या लाटा दिसतात. कापडाच्या रेघांची ओळ आणि कॅमेऱ्याच्या पिक्सेलची ओळ एकमेकींवर तिरकी पडली की हे होते. दोन जाळीदार पडदे एकावर एक धरून पाहावेत. फोटो लहान करतानाही लाटा उठतात. कॅमेरा थोडा जवळ-दूर किंवा तिरका करून पुन्हा फोटो काढला की त्या बहुधा जातात.

पाठवण्याची रीत

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो लहानही होतो आणि दाबलाही जातो. तो फोटो डाउनलोड करून, कापून, त्यावर भाव लिहून, जतन करून पुढे पाठवला की प्रत्येक वेळी पुन्हा जिनिंग होते. स्क्रीनशॉट काढला तर फोटो स्क्रीनच्या मापाचा होऊन बसतो. दहा हातांतून आलेला फोटो पाहून माल घेऊ नये, तो यासाठी.

२०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये पाठवताना 'एचडी' हा पर्याय आहे. त्यात माप जास्त राहते, पण दाबणी होतेच. मूळ फोटो जसाच्या तसा पाठवायचा तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. मग एक बाइटही बदलत नाही.

यात एक सावधगिरी हवी. मूळ फाइलमध्ये फोटो कधी काढला, आणि फोनमध्ये सोय चालू असेल तर कुठे काढला, हेही नोंदलेले असते. घरी काम करणाऱ्या भगिनींनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ठिकाणाची नोंद आधी बंद करावी. अनोळखी गिऱ्हाईकाला घराचा पत्ता द्यायचे कारण नाही.

फॉर्मचा हिशेब

आता आमच्या मुलांचा प्रश्न. भाच्याच्या दुकानात शेवटच्या तारखेला रात्री दहा वाजता पोरे येतात. फोटो चढत नाही, सही चढत नाही, साइट लाल अक्षरांत नकार देते. एका मुलाची सगळी तयारी झालेली होती, पण फोटोचे वजन कमी करण्यात बारा वाजले आणि वर्ष गेले. फोन चांगला होता, इंटरनेटही होते. हिशेब तेवढा ठाऊक नव्हता.

उदाहरण म्हणून बँक भरतीचा आयबीपीएसचा फॉर्म घ्या. त्यात फोटो २०० गुणिले २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. सही १४० गुणिले ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची. इथे दोन अटी आहेत, एक मापाची आणि एक वजनाची. पुष्कळ मुले ४००० पिक्सेलचा फोटो तसाच ठेवून क्वालिटी पाडत पाडत ५० केबीवर आणू पाहतात. चेहऱ्याची फरशी होते आणि अर्ज नाकारला जाण्याची भीती राहते. बरोबर क्रम असा. आधी चेहरा नीट बसेल असा फोटो कापावा. मग माप २०० गुणिले २३० करावे. एवढ्या मापाचे पिक्सेल ४६ हजारच, न दाबताही वजन १३८ केबी. मग चांगली क्वालिटी ठेवूनही तो मर्यादेत येतो. खालची मर्यादाही पाहावी. २० केबीपेक्षा हलका फोटोही चालत नाही. तसे झाले तर क्वालिटी वाढवावी.

व्यापाऱ्यांना जीएसटी नोंदणीत हाच अनुभव येतो. तिथे मालकाचा फोटो जेपीईजी आणि १०० केबीच्या आत लागतो. कागदपत्रांना प्रत्येकी वेगळी मर्यादा असते. नियम बदलतात, म्हणून त्या दिवशी त्या फॉर्मवर लिहिलेले माप हेच खरे मानावे.

कागद स्कॅन करताना ए-फोर पान ३०० डीपीआयवर घेतले तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. तेच १५० वर घेतले तर पाव. डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. कापडाच्या रीड-पिकसारखेच हे माप आहे. वीजबिल, भाडेकरारासारखे छापील कागद १५० ते २०० वर, रंग काढून करड्या छटेत स्कॅन केले तर वाचतात आणि हलकेही होतात. रंग काढला की तीन आकड्यांऐवजी एकच आकडा लिहावा लागतो.

आयफोन वापरणाऱ्या मुलांनी एक लक्षात घ्यावे. २०१७ पासून त्यात फोटो 'एचईआयसी' प्रकारात जतन होऊ शकतो. पुष्कळ फॉर्म तो स्वीकारत नाहीत. फाइलचे नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिल्याने प्रकार बदलत नाही. गठाणीवरची चिठ्ठी बदलल्याने आतला माल बदलत नाही, तसेच हे. तो नीट रूपांतरित करून घ्यावा.

छपाई आणि फलक

व्हिजिटिंग कार्ड साडेतीन इंच गुणिले दोन इंचांचे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १०५० गुणिले ६०० पिक्सेल हवेत. १२ मेगापिक्सेलचा फोटो त्याच हिशेबाने सुमारे १३ गुणिले १० इंच छापता येतो.

दुकानाच्या उद्घाटनाला दहा फूट लांब फलक करायचा असतो आणि आपण व्हॉट्सॲपवर आलेला १६०० पिक्सेलचा फोटो पुढे करतो. दहा फूट म्हणजे १२० इंच. १६०० ला १२० ने भागा. इंचाला १३ पिक्सेल आले. म्हणजे एकेक पिक्सेल जवळजवळ दोन मिलीमीटरचा. रस्त्यापलीकडून तो चालून जाईल, पण दारातून आत येणाऱ्याला चेहरा ठोकळ्यांचा दिसेल. फलकाला ३०० नको, इंचाला पन्नास-साठ पिक्सेलही पुरतात, कारण तो लांबून पाहतात. पन्नासच्या हिशेबाने दहा फुटांना ६००० पिक्सेल झाले. काही जण फोटोचा डीपीआय ७२ चा ३०० लिहून घेतात आणि समजतात की काम झाले. आकडा बदलला तरी पिक्सेल तेवढेच राहतात. मीटरपट्टीवर खुणा वाढवल्याने कापड वाढत नाही.

उर्दू मजकुराबद्दल एक शब्द. लग्नपत्रिका, दुकानाचा उर्दू मथळा आपण फोटो करून पाठवतो. नस्तालिक अक्षरांत बे, पे आणि ते यांत फरक असतो तो फक्त नुक्त्यांचा. जास्त दाबलेल्या जेपीईजीत अक्षराभोवती धूळ उडाल्यासारखे ठिपके येतात, आणि खरा नुक्ता कोणता, धूळ कोणती, कळत नाही. असा मजकूर पीएनजी किंवा पीडीएफमध्ये पाठवावा.

बिलावरचे आकडे

सगळ्यात मोठा इशारा आकड्यांचा आहे. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर यंत्रे स्कॅन करताना आकडेच बदलत होती. एका घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे वेगवेगळी, पण स्कॅनमध्ये तिन्हींवर १४.१३ चौरस मीटर हा एकच आकडा उमटला. कुठे ६ चा ८ झाला. जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच ठसा जतन करून तो सगळीकडे वापरत होते. कागद धुरकट नव्हता, उलट स्वच्छ दिसत होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. कंपनीने पुढे दुरुस्ती काढली.

यावरून आपण शिकायचे ते असे. उधारीची वही, बिल, बिल्टी यांचा फोटो घ्यावा, पण मूळ कागद फेकू नये. रकमेचा फोटो पाठवला तरी रक्कम खाली टाइप करून लिहावी.

आमची सध्याची रीत

आता आम्ही असे करतो. माल विकणाऱ्याकडून दोन फोटो मागतो, एक पूर्ण कापडाचा आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचे नाणे ठेवून. दोन्ही 'डॉक्युमेंट' म्हणून. कोपऱ्यात कोरा पांढरा कागद ठेवायला सांगतो. तो पिवळा दिसला तर उजेड पिवळा, आणि कापडाचा रंगही तितकाच फसवा. मोठा सौदा असेल तर अजूनही पट्टी मागवतो. सुरत–अमरावती गाडीने ओळखीचा माणूस ती घेऊन येतो.

स्वतः फोटो काढताना काच रुमालाने पुसतो, दिवसाच्या उजेडात काढतो आणि मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. कापायचे, भाव लिहायचे, लहान करायचे, ते सगळे नकलेवर. मूळ फोटोला हात लावत नाही.

त्या ८० ड्रेसपैकी ४३ ईदनंतरही पडून राहिले आणि शेवटी खरेदीच्या भावाखाली गेले. ते नुकसान भरून निघाले. सुरतेच्या त्या व्यापाऱ्याला मात्र आम्ही स्वतः जाऊन भेटलो आणि बोललेले शब्द परत घेतले. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी पट्टी मागवा, फोन नंतर करा." आजही त्याच्याकडून माल येतो. प्रत्येक फोटोखाली तो आता न विसरता लिहितो : रेघा आहेत.